सरपणातली शोभा

इ. स. १६६२ च्या मे महिन्यात पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. दुसऱ्या चार्ल्स राजाशी तिचा विवाह झाला आणि त्या विवाहाच्या करारान्वये मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांच्या पदरात पडावयाचे ठरले, ही गोष्ट शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. तिच्या सामानाबरोबर आणखीही काही वस्तू इंग्लंडात आल्या; त्यांची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. त्या वस्तू म्हणजे नाजूक बनावटीची लाकडी कपाटे. जॉन एव्हलिन नावाच्या एका गृहस्थाने त्याच वर्षी जून महिन्यात आपल्या रोजनिशीत, अशी हिंदी कपाटे या देशात पूर्वी कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती, अशा आशयाची नोंद करून ठेवली आहे. ‘हिंदी’ हा शब्द त्या काळी युरोपात फार सैलपणे वापरीत. चीन-जपानचे लाखकामदेखील त्यात येई. परंतु खुद्द गोव्याचे सुतारही त्या शतकात सागवानात काळे लाकूड व हस्तिदंत बसवून एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी काढीत असत, आणि त्यांच्या हातची कपाटे आजही युरोपातील संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

याच एव्हलिनने त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अगदी निराळ्या विषयावर एक निबंध मांडला. यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडातील राने बेसुमार तोडली गेली होती आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांना जहाजांसाठी ओकचे लाकूड कोठून मिळणार याची चिंता पडली होती. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरादाखल लिहिलेला हा निबंध पुढे १६६४ साली ‘सिल्वा’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एकाच माणसाने एकाच वर्षी केलेल्या या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडातील सुताराची अडचण नेमकी ध्यानात येते. एकीकडे धनिकांना पूर्वेकडील कपाटांसारखी नटवी कपाटे हवी होती. दुसरीकडे चांगल्या लाकडाचा तुटवडा होता. या अडचणीतून वाट काढणारी एक कारागिरी त्या सुमारास इंग्लंडात रुजली. तिचे साहित्य म्हणजे, ज्याला आपण सरपण म्हणतो ते.

झाड पाडले म्हणजे कापणाऱ्याची नजर प्रथम खोडावर जाते. खोड जितके सरळ, जितके जाड आणि जितके बिनगाठीचे, तितक्या त्यातून फळ्या अधिक निघतात. फांद्या, बेचकी, बुंध्याचा मुळांकडील भाग आणि खोडाच्या अंगावर आवाळवासारख्या वाढलेल्या गुठळ्या यांची किंमत या हिशेबात शून्य. त्या चुलीत जावयाच्या. जहाजबांधणीत मात्र याला एक अपवाद होता. ओकच्या वाकड्या फांदीला तेथे सरळ खोडाइतकाच मान असे. कारण जहाजाच्या सांगाड्याची वळणे निसर्गतःच वाकलेल्या लाकडातून कापली, तर त्यांत तंतू तुटत नाहीत आणि लाकूड मजबूत राहते. आपल्या कोकणातील होड्या बांधणारे कारागीरही याच कारणासाठी वाकडे लाकूड शोधत हिंडत. परंतु घरातल्या सामानाला वाकड्या फांदीचा उपयोग नव्हता.

हा उपयोग का नव्हता, हेही समजून घेण्यासारखे आहे. खोड उभे वाढते. फांदीला आडवे वाढावे लागते आणि स्वतःचा भार जन्मभर तोलून धरावा लागतो. त्यासाठी रुंद पानांच्या झाडांची फांदी आपल्या वरच्या अंगाला एक विशेष प्रकारचे, ताणलेले लाकूड तयार करते. एका बाजूची वाढ अशी अधिक झाल्यामुळे फांदीचे केंद्र तिच्या मध्यावर राहत नाही, बाजूला सरकते. अशी फांदी उभी चिरून तिच्या फळ्या काढल्या, तर आत कोंडलेला ताण मोकळा होतो आणि फळी वाकते, पिळवटते. फांदीची फळी करू पाहणारा सुतार फसतो तो येथे.

सतराव्या शतकातील कारागिरांनी या प्रश्नाला बगल दिली. त्यांनी फांदी उभी चिरलीच नाही. काकडीच्या चकत्या कराव्यात तशी ती आडवी कापली. आडव्या कापाने फांदीच्या आयुष्याची सारी वलये एकदम उघडी पडतात. बाहेरचे कोवळे लाकूड फिकट, आतला गाभा गडद, आणि मधोमध, किंबहुना मध्यापासून किंचित ढळलेला, एक डोळा. करवत थोडी तिरपी धरली म्हणजे वर्तुळाऐवजी लांबट अंडाकृती चकती मिळे. या चकत्या शेजारी शेजारी बसविल्या, की उघड्या पडलेल्या कालवांच्या शिंपल्यांची रास मांडल्यासारखी दिसे. म्हणूनच या कामाला इंग्रजीत कालवाचे नाव मिळाले. ‘ऑयस्टर’ काम असेच आजही त्यास म्हणतात. फांदीचा जो वाकडेपणा फळीच्या हिशेबात दोष होता, तोच चकतीच्या हिशेबात नक्षी ठरला. लाकूड बदलले नव्हते. करवतीची दिशा तेवढी बदलली होती.

तथापि करवत फिरविली आणि नक्षी हाती आली, इतके हे काम सोपे नव्हते. कोणत्याही वखारीत जाऊन ओंडक्यांच्या तोंडाकडे पाहिले, तर केंद्रापासून सालीकडे गेलेल्या भेगा दिसतात. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. केंद्राकडून सालीकडे थोडे आकसते. आणि वलयांच्या कडेकडेने त्याच्या सुमारे दुप्पट आकसते. म्हणजे चकतीचा घेर तिच्या त्रिज्येच्या मानाने अधिक आखूड होऊ पाहतो, आणि ते न साधल्यामुळे चकती फाटते. म्हणून चकत्या घाई न करता सावकाश वाळवाव्या लागत. घाई केली तर माल फुकट जाई. घाई न केली तरीही कित्येक चकत्या तडकत, आणि ज्या सरपणातून त्या आल्या होत्या त्याच सरपणात परत जात.

झाडांची निवडही विचारपूर्वक केलेली असे. अक्रोड तर होताच. त्याच्या जोडीला लॅबर्नम नावाचे एक लहानखुरे झाड फार लोकप्रिय झाले. युरोपातील डोंगराळ प्रदेशातले हे झाड. त्यास पिवळ्या फुलांचे घोस लटकतात. आपल्याकडील बहाव्याला इंग्रजांनी ‘इंडियन लॅबर्नम’ म्हटले ते या फुलांच्या साम्यावरूनच. एरव्ही ही दोन झाडे वेगळी. लॅबर्नमचे बाहेरचे लाकूड फिकट पिवळे आणि गाभा हिरवट छटेचा गडद तपकिरी असल्यामुळे त्याच्या चकत्यांत उजेड आणि छाया आपोआपच मिळे. याखेरीज भूमध्य समुद्राकडील ऑलिव्ह आणि ब्राझीलमधील किंगवुड हीही लाकडे वापरीत. किंगवुड हे आपल्या शिसवीच्या कुळातले. रंगाने जांभळट आणि अतिशय घट्ट. ही दोन लाकडे जहाजातून येत आणि स्वस्त मुळीच नसत. ती मुळातच बारीक अंगाची असल्यामुळे त्यांच्या रुंद फळ्या निघणे शक्य नव्हते. म्हणून त्यांच्याही चकत्याच कराव्या लागत. फांदीसाठी काढलेली युक्ती अशी बारीक झाडांच्याही कामी आली.

चकत्या वाळल्या, की मग मांडणीचा प्रश्न येई. एकाच फांदीतून लागोपाठ कापलेल्या चकत्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. त्यांच्या जोड्या लावून कपाटाच्या दोन्ही दारांवर समोरासमोर सारखी नक्षी साधता येई. प्रत्येक चकतीच्या कडा तासून सरळ करावयाच्या, म्हणजे शेजारची चकती तिला फट न ठेवता भिडेल. मधून मधून होलीसारख्या पांढऱ्या लाकडाच्या बारीक पट्ट्या बसवून वर्तुळे आणि कमानी आखीत. पेट्यांच्या व कपाटांच्या माथ्यावर अशी वर्तुळे हटकून दिसतात. खालची पेटी साध्या पाइनची किंवा ओकची असे. चकतीचा पृष्ठभाग म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडे. त्यांत सरस पाण्यासारखा मुरून जातो. म्हणून प्रथम पातळ सरसाचा हात देऊन ती तोंडे बुजवावी लागत. मग कढत सरस लावून चकत्या बसवावयाच्या, वर गरम केलेली फळी ठेवावयाची आणि ती आवळून तशीच राहू द्यावयाची. सरस पुरता वाळल्यावर पृष्ठभाग खरवडून सपाट करावयाचा आणि वार्निश किंवा मेण घासून त्यास तकाकी आणावयाची. हाताने कापलेल्या या चकत्या सुमारे दीड ते तीन मिलिमीटर जाड असत. हल्ली कारखान्यात निघणारा लाकडी पापुद्रा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरहून सहसा जाड नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन कामांतला फरक कळतो.

ही कारागिरी इंग्लंडात आली ती हॉलंडकडून. लाकडावर लाकडाचा पापुद्रा चढविण्याची विद्या हॉलंड आणि फ्रान्स या देशांत आधीच पुढारलेली होती. १६६६ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये भीषण आग लागली आणि तेरा हजारांवर घरे जळून गेली. नवी घरे उभी राहिली, तशी नव्या सामानाला मागणी वाढली. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेला दिलेले संरक्षण काढून घेतले, तेव्हा हजारो कुशल कारागीर तो देश सोडून निघाले आणि त्यांतील बरेचसे लंडनला आले. १६८९ साली तर हॉलंडचा विल्यम हाच इंग्लंडच्या गादीवर बसला. आग, निर्वासित आणि राज्यक्रांती अशा तीन दिशांनी या कामाला बळ मिळत गेले. १६६० नंतरची सुमारे पन्नास वर्षे हा त्याचा बहराचा काळ होय.

या कामातील एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. साहित्य सरपणाचे होते. पण तयार झालेले कपाट गरिबाच्या घरी कधीच गेले नाही. फांदीची किंमत नगण्य असली, तरी चकत्या कापणे, वाळविणे, निवडणे, जुळविणे आणि चिकटविणे यांत माणसाचे जे दिवस खर्ची पडत त्यांची किंमत मोठी होती. कपाटाचे मोल लाकडात नव्हते, ते हातात होते. आणि तरीही त्या हातांची नावे आज बहुतांशी कोणास ठाऊक नाहीत. त्या काळी इंग्लंडात कपाटावर कारागिराने आपले नाव घालण्याचा प्रघात नव्हता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा कामाचे नमुने आहेत. या जातीच्या सामानापुढील पाटीवर लाकडाचे नाव असते, सुमाराचे साल असते. करणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच आढळते.

अठराव्या शतकाच्या आरंभी या कामाचे दिवस फिरले. १७०९ सालच्या हिवाळ्यात युरोपात अशी थंडी पडली, की अक्रोडाची असंख्य झाडे मेली. उरलेले लाकूड आपल्यालाच पुरावे म्हणून फ्रान्सने १७२० साली अक्रोडाच्या निर्यातीस बंदी केली. लगेच पुढील वर्षी, १७२१ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने अमेरिकेतील आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठविली, आणि जमेका बेटातून मॅहॉगनीचे प्रचंड ओंडके लंडनच्या धक्क्यावर उतरू लागले. मॅहॉगनीची एकेक फळी टेबलाचा आख्खा माथा होण्याइतकी रुंद निघे. ती वाकत नसे, फाटत नसे आणि कोरीव कामाला फार सोयीची असे. चकत्या जुळवीत बसण्याचे मग कारण उरले नाही. त्याआधीच अभिरुचीही पालटू लागली होती. तुटवड्याने बळावलेली विद्या मुबलकतेने मोडीत काढली. परंतु ती मुबलकता दुसऱ्यांच्या रानांतून आणि बहुतांशी गुलामांच्या श्रमातून आलेली होती, हेही येथे विसरता कामा नये.

फांदीच्या चकत्या मागे पडल्या; तरी झाडाच्या इतर टाकाऊ भागांचे भाग्य तेवढ्याने संपले नाही. खोडावरील आवाळू म्हणजे वस्तुतः अनेक सुप्त अंकुरांची एका ठिकाणी झालेली दाटी. तिच्यातले तंतू वाटेल तसे वळलेले असतात, म्हणून तिची फळी करता येत नाही. पण पातळ पापुद्रा काढला, तर तो सूक्ष्म डोळ्यांनी आणि भोवऱ्यांनी भरलेला दिसतो. मोठी फांदी खोडाला जेथे फुटते त्या बेचक्यातून पिसासारखी किंवा ज्योतीसारखी नक्षी निघते, आणि ज्या मॅहॉगनीने चकत्यांना हुसकून लावले त्याच मॅहॉगनीची बेचकी पुढे विशेष किंमत देऊन घेतली जाऊ लागली. मुळांजवळचे लाकूड ठिपक्यांच्या व लहरींच्या कामास उत्तम, हे तर एव्हलिनने आपल्या ग्रंथात अक्रोडाविषयी लिहिताना सांगूनच ठेवले होते.

याहूनही नवलाची गोष्ट कुजक्या लाकडाची. ओकसारख्या झाडांच्या गळून पडलेल्या फांद्यांवर एक बारीक बुरशी वाढते. ती लाकडाला आतपर्यंत निळसर हिरवा रंग चढविते, आणि तो रंग शतकानुशतके टिकतो. पंधराव्या शतकात इटलीतील कारागिरांना हे ठाऊक होते. गुब्बियो येथील राजवाड्यात १४७८ ते १४८२ या सुमारास उर्बीनोच्या ड्यूकसाठी एक अभ्यासिका सजविली गेली. तिच्या भिंतींवर रंगाचा कुंचला न वापरता, निरनिराळ्या लाकडांचे तुकडे जडवून कपाटे, पुस्तके आणि वाद्ये यांचा हुबेहूब देखावा उभा केलेला आहे. त्यात हिरवा रंग जेथे हवा होता तेथे या बुरशीने रंगविलेले लाकूड बसविलेले आहे. ती अभ्यासिका १९३९ सालापासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मालकीची आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील टनब्रिज वेल्स या गावच्या कारागिरांनी हेच लाकूड पुन्हा हाताशी धरले. तेथे रंगीबेरंगी लाकडांच्या बारीक काड्या नक्षीप्रमाणे एकत्र चिकटवून त्यांची लादी करीत आणि मग तिचे आडवे पातळ काप काढीत. प्रत्येक कापावर तेच चित्र उमटे. अशी चित्रे बसविलेल्या डब्या हवापालटासाठी तेथे आलेले लोक आठवण म्हणून घरी नेत. चित्रातल्या झाडाच्या पानांना हिरवा रंग लागे, तो रानात पडलेल्या ओकच्या कुजत चाललेल्या फांदीतून येई. सतराव्या शतकाची आडव्या कापाची युक्ती येथे वेगळ्या वेषात पुन्हा अवतरली, असे म्हणण्यास हरकत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा धंदाही बसला.

आजही झाडाचा टाकाऊ भाग वाया जात नाही. उलट पूर्वी कधी नव्हता इतका तो वापरला जातो. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील माक्स हिमेलहेबर याने भुसा, ढलप्या व फांद्यांचा चुरा राळेत कालवून आणि दाबून त्याचे तक्ते बनविण्याची रीत पुढे आणली. त्या रीतीतून निघालेले तक्ते आता जगभर घरोघरी, कचेऱ्यांत आणि शाळांत पोचले आहेत. त्यांमुळे पुष्कळ लाकूड वाचले आणि सामान्य माणसाला स्वस्तात कपाट मिळाले, ही काही लहान गोष्ट नव्हे. सतराव्या शतकातील सुताराला जे साधले नाही ते या चुऱ्याने साधले.

मात्र एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. या तक्त्यात फांदीची ओळख शिल्लक राहत नाही. ती चुरा होऊन आत दडते आणि वर लाकडासारखा दिसणारा छापील कागद चिकटवितात. कधी कधी तर त्या कागदावर अक्रोडाच्या आवाळवाचेच चित्र असते! जुन्या कारागिराने टाकाऊ लाकूड झाकले नव्हते, ते त्याने दर्शनी बाजूस मांडले होते. फांदीने किती उन्हाळे पाहिले, कोणत्या बाजूने भार सोसला, कोणते वर्ष तिला सुखाचे गेले आणि कोणते कोरडे, हे सारे त्याच्या कपाटाच्या दारावर कोणालाही वाचता येत असे.

ती कपाटे आता साडेतीनशे वर्षांची झाली. हिवाळ्यात दिवाणखाने यंत्राने ऊबदार ठेवण्याची सोय झाल्यापासून त्यांच्यावर नवे संकट आले. कोरड्या हवेत चकत्या पुन्हा आकसतात आणि केंद्रापासून सालीकडे बारीक भेगा जातात. संग्रहालये म्हणून हवेतील ओलावा मोजून मापून राखतात. ज्या फांदीला कोणे एके काळी चुलीत घालावयाचे होते, तिला तडा जाऊ नये म्हणून आता रात्रंदिवस पहारा करावा लागतो. तिची किंमत वाढली ती लाकूड बदलल्यामुळे नव्हे. कोण्या एका अनामिक माणसाने करवत लावण्यापूर्वी तिच्याकडे क्षणभर वेगळ्या दिशेने पाहिले, म्हणून.